बुजवलेल्या कचराभूमीचा शोध: आधी हरवलेला खड्डा शोधा

वस्तीलगतच्या सपाट, हिरव्या मैदानाखाली जुना कचरा पुरलेला आहे का, आणि ते उपग्रहचित्रावरून कळेल का, असं तुम्ही विचारलंय. आजच्या चित्रावरून बहुतेक वेळा कळत नाही. वर मातीचा थर पडला, गवत उगवलं की कचराभूमी आणि क्रीडांगण आकाशातून सारखंच दिसतं. म्हणून कचरा शोधायला जाऊ नका, खड्डा शोधा. कचरा टाकणारे शक्यतो आयती जागा गाठतात: बंद पडलेली दगडखाण, विटांसाठी माती काढलेला खड्डा, मुरमाची खाण, ओढ्याची घळ. जुन्या नकाशावर असलेला आणि पुढच्या नकाशावर नसलेला प्रत्येक खड्डा कशाने तरी भरलेला असतो. कशाने, ते पुढे तपासायचं.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातलं लव्ह कॅनॉल आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खणायला घेतलेला कालवा अर्धवट राहिला. १९४२ ते १९५३ या काळात हुकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर माती लोटली आणि ती जागा शाळा मंडळाला १ डॉलरला दिली. तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. तिथेही आधी खड्डा होता, मग कचरा आला.

सुरुवात स्थलदर्शक नकाशांपासून करा, म्हणजे उंचसखलपणा, ओढे, रस्ते, खाणी दाखवणाऱ्या नकाशांपासून. आपल्या जागेची मिळतील तेवढी पत्रकं, मिळतील तेवढ्या आवृत्त्यांची, गोळा करा. समासातला मजकूर नीट वाचा. छपाईचं साल आणि प्रत्यक्ष सर्वेक्षणाचं साल यांत कधी कधी कित्येक वर्षांचं अंतर असतं, आणि कालरेषा सर्वेक्षणाच्या सालावर बांधायची असते. मग क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्सिंग करा, म्हणजे जुना नकाशा आजच्या नकाशावर नेमक्या जागी बसवा. दोन्ही नकाशांवर जुळवायच्या खुणा, म्हणजे नियंत्रण बिंदू, म्हणून रेल्वेपूल, जुन्या देवळा-चर्चचे कोपरे, न बदललेले चौक घ्या. नदीचा काठ घेऊ नका, तो सरकतो. १:५०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर २५ मीटर, त्यामुळे खड्ड्याची कडा रेषा म्हणून न काढता पट्टा म्हणून काढलेली बरी. खाणीच्या खुणांसोबत समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, याही पाहा. घळीत आत वळणाऱ्या रेषा पुढच्या आवृत्तीत सरळ झाल्या असतील, तर तिथे भराव झालाय.

दोन नकाशांच्या मधली वर्षं हवाई छायाचित्रं भरून काढतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एकाच जागेची एकमेकांवर चढणारी दोन छायाचित्रं स्टिरिओमध्ये, म्हणजे एकेका डोळ्याने एकेक अशी एकाच वेळी, पाहिली की खड्ड्याची खोली दिसते. ट्रकच्या चाकोऱ्या एका कडेपाशी येऊन संपत असतील, तिथून फिकट, खरबरीत पृष्ठभाग पंख्यासारखा पसरत असेल, तर ती टाकण्याची जागा. हवाई छायाचित्रं मिळाली नाहीत तर कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची चित्रं पाहा. १९६० ते १९७२ दरम्यानची ही चित्रं १९९५ मध्ये खुली झाली आणि त्यांतल्या उत्तम चित्रांत सुमारे २ मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. कॅमेरा पॅनोरॅमिक, म्हणजे लांब पट्टी टिपणारा, असल्याने कडेला ती फार ताणली जातात. संपूर्ण पट्टी एकदम न बसवता आपल्यापुरता तुकडा कापून बसवा.

लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांची मालिका १९७२ पासून सलग आहे, २००८ पासून ती मोफत मिळते, आणि म्हणून सगळे तिच्याकडे धावतात. पण १९८२ नंतरच्या चित्रांतही एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका, ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर. एकरभर खड्डा चार-पाच पिक्सेलांत संपतो. जमीन केव्हा उघडी पडली आणि केव्हा हिरवी झाली, एवढं सांगायला ती उत्तम. त्यापुढचं तिच्याकडून वदवून घेऊ नका.

लायडार, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेली जमिनीची बारीक उंची, उपलब्ध असेल तर मात्र सोडू नका. कचरा कुजतो, दबतो आणि वर्षानुवर्षे खचत राहतो. भोवतालची मूळ जमीन खचत नाही. त्यामुळे सपाट केलेल्या मैदानातही जुन्या खड्ड्याचा आकार उथळ बशीसारखा उमटतो. जुन्या नकाशावरची कडा आणि लायडारमधली कडा जुळली, तर माझा संशय पक्का होतो. वनस्पतींच्या निर्देशांकाचं, म्हणजे उपग्रहचित्रातून काढलेल्या हिरवेपणाच्या आकड्याचं, वाचन जपून करा. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूमुळे मुळांना प्राणवायू मिळत नाही म्हणून झाडोरा पिवळा पडतो, तर कुठे ओल आणि पोषकद्रव्यांमुळे उलट गर्द होतो. एका चित्रातल्या डागाला अर्थ नाही. कोरड्या ऋतूतली अनेक वर्षांची चित्रं पाहा. तोच डाग तिथेच दिसत असेल तर नोंद घ्या.

शोध फक्त तुमच्या हद्दीपुरता ठेवू नका. इंग्लंडमधल्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला. त्याच्याखाली कचरा नव्हता. शेजारच्या कचराभूमीतला वायू जमिनीतून सरकत आला होता. हवेचा दाब झपाट्याने उतरला की असा वायू बाहेर ओढला जातो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणून भोवतालचे खड्डेही नकाशावर आणा.

एवढं करून हाती येते ती संशयाची जागा आणि भराव कधी झाला याचा अंदाज. भराव स्वच्छ मातीचाही असू शकतो, आणि काही सापडलं नाही म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही. पुढची तपासणी जागेवर, उपकरणांनी होते. लोखंडी पिंपं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरला सापडतात, कचऱ्यातून झिरपलेलं खारट पाणी विद्युत रोधकतेच्या चाचणीत, म्हणजे जमीन विजेला किती अडवते हे मोजताना, उठून दिसतं. जमिनीत रेडिओ लहरी सोडून आतलं टिपणारं भूभेदी रडार चिकणमातीत फारसं खोल पोचत नाही. स्वतः फावडं किंवा बोअर मारू नका. वरचा मातीचा थर फुटला की वायूला वाट मिळते आणि पाणी आत शिरतं. नकाशे एकावर एक बसवलेली फाइल, प्रत्येक पत्रकाचं सर्वेक्षण साल आणि संशयित कडा घेऊन भू-पर्यावरण तज्ज्ञाकडे जा. बोअर कुठे घ्यायचे आणि वायू मोजायच्या नळ्या कुठे बसवायच्या, हे ठरवायला त्यांना नेमकं हेच लागतं.