सोनोग्राफी नॉर्मल, मग लिव्हरला सूज कुठली?

प्रश्न : मी तासगावचा द्राक्ष बागायतदार, वय 44. 4 वर्षांपूर्वी गावातल्या रक्तदान शिबिरात हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो, ‘लिव्हर नॉर्मल’ येतं. या खेपेला रक्तातला एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम) वाढून 96 आला. डॉक्टर म्हणाले, लिव्हरला सूज आहे. मग ती सोनोग्राफीत का दिसली नाही? फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करू का? घरात माझं ताट-वाटी वेगळं काढलंय, तेही सांगतो.

उत्तर : घोळ ‘सूज’ या शब्दानं घातलाय. पाय मुरगळल्यावर घोटा टम्म फुगतो, तशी सूज तुम्ही शोधताय. इथं विषाणू शिरलेल्या पेशींवर आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते, पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं एसजीपीटी रक्तात उतरतं. रक्ताच्या तपासणीत ते लगेच कळतं, माझ्या सोनोग्राफीच्या प्रोबला नाही. 26 वर्षं सांगलीत सोनोग्राफी करतोय. पडद्यावर लिव्हर एकसारखं करडं, शेजारच्या उजव्या किडनीशी ताडून पाहिलं तरी खोट नाही, म्हणून ‘नॉर्मल’ लिहावं आणि त्याच माणसाचा एसजीपीटी दोनशेच्या घरात निघावा, असं कितीदा तरी झालंय. कधी कधी लिव्हरच्या तोंडाशी, पोर्टल शीर आत शिरते तिथं, लिम्फ नोड (प्रतिकारशक्तीच्या छोट्या गाठी) जरा मोठे दिसतात. जुन्या हिपॅटायटिसमध्ये ते असू शकतात. रिपोर्टात ‘नोड’ वाचून लोक उगाच हाय खातात.

सूज वर्षानुवर्षं राहिली की मागं जे ठेवते, ते आम्हाला दिसतं : खरबरीत पोत, उंचसखल कडा, वाढलेली प्लीहा, पोटात पाणी. शिवाय कॅन्सरची गाठ झालीच तर लहान असताना सापडावी म्हणून सहा महिन्यांची फेरी. ती चुकवू नका.

फायब्रोस्कॅन डॉक्टर म्हणाले तर जरूर करा. बरगड्यांच्या मधून टिचकीसारखा धक्का देतात. लिव्हर जितकं कडक, तितकी लाट जोरात पळते. किमान 10 वेळा मोजून मधला आकडा किलोपास्कलमध्ये देतात. पण तो कडकपणा जुन्या सुजेनं मागं ठेवलेल्या व्रणाचा की आत्ताच्या सुजेचा, हे मशीनला कळत नाही. एसजीपीटी चढलेला असताना आकडा फुगू शकतो. तेव्हा दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचायचे, आणि एसजीपीटी उतरल्यावर पुन्हा मोजलेलं बरं. आधी तीन तास काही खायचं नाही. आमच्याकडे एक गृहस्थ मिरजेहून येताना वाटेत मिसळ हाणून आले. बसवलं तीन तास बाकावर!

औषध सुरू करायचं का, हे तुमचे डॉक्टर एसजीपीटी, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती) आणि व्रण किती, हे मिळून ठरवतील. त्यांना दारू, काढे, चूर्णं, जे चालू असेल ते खरं सांगा. एसजीपीटी त्यानंही चढतो.

आणि ताटाचं. हिपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवून जात नाही. वहिनींची आणि मुलांची तपासणी करून घ्या, ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या. वेगळा ठेवायचा तो तुमचा दाढीचा वस्तरा आणि टूथब्रश. ताट परत मांडणीत जाऊ द्या.