भीतीने रक्त गोठण्याची टेस्ट बदलते का?

तुमच्या मुलीचा घोळणा वारंवार फुटतो, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन) आधी कमी आला, महिन्याने नॉर्मल आला. दुसऱ्या वेळी ती सुई बघून आकांत करत होती. त्याने फरक पडला असेल का, असं तुम्ही विचारलंय. हो, पडू शकतो. मी रक्त गोठण्याच्याच टेस्ट करते आणि लहान मुलांत हे पाहिलेलं आहे.

आपण घाबरलो की मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना इशारा जातो आणि अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत हा फॅक्टर चिमुकल्या, लांबट पिशव्यांत भरून ठेवलेला असतो. अ‍ॅड्रेनलिन पोचलं की त्या पिशव्या काही मिनिटांत रिकाम्या होतात. फॅक्टर आठ हे गोठण्याचं दुसरं प्रथिन रक्तात याच्याच आधाराने टिकतं, त्यामुळे तेही वाढतं. नवीन काही तयार होत नाही, साठा बाहेर पडतो इतकंच. यकृतात बनणारे बाकीचे बरेच फॅक्टर इतक्या झटपट हलत नाहीत.

हे जुनं निरीक्षण आहे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1914 मध्ये मांजरांवर दाखवलं होतं की अ‍ॅड्रेनलिनने रक्त लवकर गोठतं. झुंजीत जखम होणारच, तर शरीर आधीच तयारीत राहतं, असा त्यांचा अर्थ होता आणि मला तो पटतो. मेंदूत तयार होणाऱ्या व्हॅसोप्रेसिनचाही असाच परिणाम होतो. त्याचंच कृत्रिम रूप, डेस्मोप्रेसिन, इटलीत मानुच्ची आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये सौम्य हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आणि व्हॉन विलेब्रँड आजाराच्या, म्हणजे हाच फॅक्टर कमी किंवा सदोष असलेल्या, रुग्णांना दिलं आणि दात काढताना होणारा रक्तस्राव आटोक्यात ठेवला. आजही ते वापरतात, सगळ्या प्रकारांत मात्र नाही.

म्हणून एका नॉर्मल रिपोर्टवर ‘आजार नाही’ असं धरून बसू नका. हेमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) रडण्याचं आवर्जून सांगा आणि पुन्हा तपासायचं का ते विचारा. ताप असताना किंवा धावून-खेळून आल्यावर सँपल देऊ नका, तेव्हाही आकडा वर जातो. जायच्या आधी कोपराच्या वळणावर बधिर करणारं क्रीम लावता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं. लॅबमध्ये पोचल्यावर तिला अर्धा तास मांडीवर घेऊन निवांत बसा. आणि तरीही ती रडलीच, तर निळ्या टोपणाच्या ट्यूबसोबत जाणाऱ्या फॉर्मवर ‘सँपल घेताना रडत होती’ असं लिहून घ्या.