तलावात मीठ टाकलं की क्लोरिन सुटतं का?

प्रश्न : नागावला (अलिबाग) आमचं छोटं घर आहे. मागच्या अंगणात ८ बाय ४ मीटरचा पोहण्याचा पूल, पाणी साधारण ५० हजार लिटर. आम्ही राहतो ठाण्याला, जाणं शनिवार-रविवारीच. एरवी राखणदार टीसीसीएच्या (क्लोरिनच्या) गोळ्या टाकतो. विसरला की पाणी हिरवं आणि दुप्पट टाकल्या की नातवाचे डोळे लाल. सॉल्ट क्लोरिनेटर बसवला की क्लोरिनची कटकट संपते, पूल 'केमिकल-फ्री' होतो, असं एक विक्रेता सांगून गेला. ताशी १५ ग्रॅमचं मशीन पुरेल म्हणाला. घ्यावं का? आणि आमच्याकडे मिठागरातलं खडे मीठ स्वस्त मिळतं, ते चालेल का?

उत्तर : घ्या, पण तो 'केमिकल-फ्री' शब्द विक्रेत्याला परत करा. हे मशीन म्हणजे तुमच्या पंपाच्या खोलीत बसवलेला क्लोरिनचा छोटा कारखाना. त्याचा सेल म्हणजे पाणी ज्यातून जातं तो भाग. त्यात टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांवर रुथेनियम किंवा इरिडियमचा लेप. खारं पाणी त्यांच्यामधून जाताना वीज सोडली की मिठातल्या क्लोराइडचा क्लोरिन होतो. तो जंतू मारतो, शेवाळ जाळतो आणि काम झालं की पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहतो. म्हणून मीठ खर्च होत नाही. अंगाबरोबर, बॅकवॉशबरोबर (फिल्टर उलट्या पाण्यानं धुताना) आणि पावसात वाहून जातं तेवढंच. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, इथे लागतं ३ ते साडेतीन. तोंडात पाणी गेलं तर जेमतेम चव कळते.

सुटका होते ती रोज क्लोरिन टाकण्यापासून. राखणदाराचं काम संपत नाही, बदलतं. टीसीसीए आम्लधर्मी, त्यानं पीएच घसरतो. नातवाच्या डोळ्यांमागे बहुधा तेच असावं. मशीनवर उलटा प्रकार होतो. पीएच हळूहळू वर चढतो आणि ७.८च्या पुढे गेला की क्लोरिन असूनही मंदावतो. आठवड्यातून दोनदा पीएच बघून थोडं ॲसिड घालावं लागेल. हे राखणदाराला शिकवायची तयारी नसेल, तर मशीन घेऊ नका.

आता १५ ग्रॅमचा हिशेब. रोज ८ तास पंप चालला तर १२० ग्रॅम क्लोरिन, म्हणजे तुमच्या पाण्यात लिटरला २.४ मिलिग्रॅम. कागदावर पुरतं. पण एप्रिल-मेच्या उन्हात, वर दहा पाहुणे उतरलेले असताना, मशीन शंभर टक्क्यांवर धापा टाकत राहील. शिवाय सेलचं आयुष्य तासांत मोजतात. १० हजार तासांचा सेल रोज ८ तास पेटता राहिला तर साडेतीन वर्षांत संपला. २५ ग्रॅमचं मशीन ६० टक्क्यांवर ठेवलंत तर तेवढाच क्लोरिन मिळून पट्ट्या रोज पाचेक तासच काम करतात, आणि सेल पाच वर्षांच्या पुढे जातो. मशीनच्या किमतीआधी नुसता सेल बदलायला किती लागतील ते विचारा आणि लिहून घ्या. या धंद्यातली खरी किंमत ती.

पैसे देण्याआधी एक काम करा. इतकी वर्षं टीसीसीए टाकताय, तर पाण्यातलं सायन्युरिक ॲसिड मोजून घ्या. ते क्लोरिनला उन्हापासून जपतं. ३० ते ५० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) हवंच, मशीनच्या पुलात थोडं जास्त असलं तरी चालतं. पण प्रत्येक गोळीबरोबर ते साठत जातं आणि फार झालं की क्लोरिनला बांधून ठेवतं. लोणावळ्याच्या एका बंगल्यात मला बोलावलं होतं. तीन महिन्यांचं मशीन, पुरवठादारानं सेलसुद्धा बदलून दिलेला, तरी पाणी हिरवंच. मी पाणी घेतलं, सायन्युरिक मोजायचं औषध मिसळलं, ते दुधाळ झालं. मग तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ओतायला लागलो. ठिपका दिसेनासा होईपर्यंत ओतायचं असतं. पाणी जितकं कमी लागेल तितकं सायन्युरिक जास्त. दोन बोटंसुद्धा ओतलं नसेल, ठिपका गायब! मशीन ठणठणीत होतं. अर्ध्याहून जास्त पाणी काढून नवं भरलं, चार दिवसांत तळाची फरशी दिसायला लागली. सायन्युरिक कमी करायला घरगुती उपाय हा एकच.

खडे मीठ नको. त्यात माती असते, मॅग्नेशियम-कॅल्शियम असतं, ते पट्ट्यांवर बसतं. स्वयंपाकाचं आयोडिनचं मीठही नको. ९९ टक्क्यांच्या वरचं, काही न मिसळलेलं शुद्ध मीठ घ्या. तुम्हाला साधारण १६० किलो लागेल, पण सगळं एकदम ओतू नका. जुन्या पाण्यात थोडं मीठ आधीच असतं. मशीन बंद ठेवून आधी १०० किलो टाका, पंप दिवसभर फिरवा, तळ ब्रशनं घासा, मोजा, मग उरलेलं. आमटीचा नियम इथेही आहे. कमी पडलं तर घालता येतं, जास्त झालं तर पाणी वाढवणं आलं, म्हणजे इथे आधी पूल उपसणं आलं.

तुमच्याकडचा पाऊस विसरू नका. काठोकाठ भरलेल्या पुलावर १०० मिलिमीटर पडला की ३,२०० लिटर पाणी बाहेर जातं, मिठासकट. जूनपासून दर पंधरवड्याला मीठ मोजा. नाहीतर ताडपत्री घालून, मशीन बंद करून, चार महिने लिक्विड क्लोरिनवर काढा; मी तेच करतो. काठाला जांभा असेल तर उडालेलं पाणी वाळून त्याला लोणा लागतो. धुऊन काढत जा, आणि शिडी ३१६ स्टीलची घ्या.

बसवताना फ्लो स्विच स्वतः तपासा. पंप बंद केल्याबरोबर सेल बंद पडलाच पाहिजे. सेलमध्ये क्लोरिनबरोबर हायड्रोजनही तयार होतो. पाणी वाहत नसताना तो आत कोंडला तर स्फोट होऊ शकतो. एका ठिकाणी इलेक्ट्रिशियननं 'सारखं ट्रिप होतंय' म्हणून फ्लो स्विचच्या दोन्ही वायरी पिळून एकत्र बांधलेल्या मी पाहिल्यात. मेन स्विच पाडला आणि मगच बोललो.

प्रश्न : नाशिकजवळ फार्महाउस. पुलात बोअरचं पाणी. सेल दर महिन्याला पांढरा पडतो, 'चेक सेल'चा दिवा लागतो. टेक्निशियन स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून देतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : अजिबात नाही. पांढऱ्या पापुद्र्याबरोबर तो पट्टीवरचा लेपही काढतोय, आणि लेप गेला की सेल गेला. वीज बंद करून सेल काढा. प्लॅस्टिकच्या बादलीत १० भाग पाणी घ्या, त्यात १ भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड ओता. ॲसिड पाण्यात, उलट कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघडी जागा. सेल बुडवला की फेस येतो. फेस थांबला की, फार तर १५ मिनिटांत, बाहेर काढून धुवा. हेही सारखं करू नका, ॲसिडही लेप खातंच.

दर महिन्याला थर बसतोय म्हणजे दोष पाण्यात आहे. कॅल्शियम हार्डनेस (पाण्याचा जडपणा) मोजा. ४०० पीपीएमच्या वर असेल तर टँकरचं किंवा पावसाचं मऊ पाणी मिसळा. पीएच ७.४ ते ७.६, अल्कलिनिटी ६० ते ८० ठेवा. आणि मशीन आपोआप पोलॅरिटी उलटवतं का, म्हणजे थर सुटावा म्हणून पट्ट्यांमधल्या विजेची दिशा अधूनमधून बदलतं का, ते माहितीपत्रकात बघा. ती सोय असेल आणि तरीही थर बसत असेल, तर ती चालू आहे ना हे आधी तपासून घ्या.