‘दात आत्ता कुठे आहेत?’: जबड्याच्या सांध्याचं दुखणं आणि दहा आठवडे

“सगळे तपास नॉर्मल आले, डॉक्टर म्हणाले टेन्शनमुळे आहे. म्हणजे माझं दुखणं खोटं आहे का?”

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यानं समुपदेशनाला येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा असंच असतं. त्यात राग असतो आणि थोडी शरमही. इथे दिलेली हकिगत चौतिशीतल्या एका बाईंची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, दुखण्याची चाल मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

पाच महिने उजव्या कानापुढे दुखत होतं. जांभई आली की ‘कट्’ असा आवाज. संध्याकाळी कानशील ठणकायचं, कान भरल्यासारखा वाटायचा. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ असल्याचं सांगितलं, दंतवैद्यांना कीड सापडली नाही. मग बाईंनी रात्री जागून वाचायला सुरुवात केली आणि दोन भीती पक्क्या झाल्या. एक, सांधा झिजत चाललाय आणि शेवटी ऑपरेशनच. दुसरी, एक दिवस दातखीळ बसेल आणि तोंड उघडणारच नाही.

आधी दुखणं खरं की खोटं ते. स्नायू दुखतो तेव्हा तो दुखतोच, मग तो ओझं उचलून दमलेला असो वा दिवसभर आवळून. ‘टेन्शन’ हा शब्द आपण मनाला लावतो, पण मूळ अर्थ ताण, आणि ताण स्नायूतही असतो. बाईंना हे बोलून पटवण्याऐवजी एक साधी गोष्ट करायला सांगितली: दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोनाजवळ बोटं ठेवा आणि मागचे दात हलकेच टेकवा. जोर नको, नुसते टेकवा. बोटांखाली काहीतरी कडक होऊन वर येतं. तो चावण्याचा मुख्य स्नायू, मॅसेटर. दात टेकलेले असेपर्यंत तो पूर्ण सैल पडत नाही.

सांध्याची रचना माहीत असली की निम्मी भीती जाते. कानाच्या अगदी पुढे खालच्या जबड्याचं गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांच्या मधे एक चिवट चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी बिजागरीसारखं फिरतं आणि मग चकतीसकट पुढे घसरतं. चकती जागेवरून थोडी पुढे सरकलेली असली, तर टोक तिच्यावर पुन्हा चढताना आवाज होतो. तोच तो ‘कट्’. न दुखणारा असा आवाज पुष्कळ लोकांना असतो, आयुष्यभर तसाच राहतो आणि त्यावर उपचार लागत नाहीत. आवाज म्हणजे झीज, हे समीकरण चुकीचं आहे. दुखणं वाढतंय का आणि तोंड कमी उघडतंय का, या दोन गोष्टी पाहायच्या.

समुपदेशन सुरू करण्याआधी काही शक्यता डॉक्टरांकडून बाजूला काढून घ्याव्याच लागतात. तोंड अचानक उघडेनासं किंवा मिटेनासं झालं, गालावर सूज किंवा ताप आला, चेहऱ्याचा भाग बधिर पडला, गाठ लागली, वजन घटू लागलं, तर वाट पाहायची नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशिलात दुखू लागलं, चावताना जबडा दमून दुखतो, त्यात अंधुक दिसतं, तर ती रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि तिथे उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. विजेच्या झटक्यासारखी, काही सेकंदांची कळ असेल तर तो मज्जातंतूचा त्रास असू शकतो. चालताना किंवा श्रमाने जबडा दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो, तर आधी हृदयाची तपासणी. छातीत दाब, घाम किंवा धाप सोबत असेल तर तडक आपत्कालीन विभाग गाठायचा. बाईंच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. तोंड 33 मिलिमीटर उघडत होतं. प्रौढांत साधारण 40 किंवा अधिक अपेक्षित असतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतील इतकं.

पहिल्या आठवड्याला उपचार काहीच नव्हता, फक्त नोंदी. दिवसातून चार वेळा, उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, आणि शेजारच्या रकान्यात, दात आत्ता कुठे आहेत. हा दुसरा रकाना महत्त्वाचा. बाईंना याआधी तीन ठिकाणी विचारलं गेलं होतं, “दात आवळता का? रात्री दात खाता का?” त्यांनी प्रामाणिकपणे नाही सांगितलं होतं. प्रश्नच असा की उत्तर ‘नाही’ येणार. दात-ओठ खाणं म्हटलं की रागानं लाल झालेला चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि त्या तर शांत स्वभावाच्या. नोंदींत मात्र 28 पैकी 17 वेळा दात टेकलेले निघाले. आवळलेले नव्हे, नुसते टेकलेले. त्यातही पडद्यावर आकडे जुळवताना आणि फोनवर दुसऱ्याचं ऐकून घेताना जवळजवळ दरवेळी.

खरं तर दातांना दिवसभरात एकमेकांशी फारसं काम नसतं. घास चावताना आणि गिळताना क्षणभर भेटायचं, बस. एरवी वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट असते. बहुतेकांना उलट वाटतं, तोंड मिटलं म्हणजे दात मिटलेच पाहिजेत. ओठ मिटायचे, दात नाही.

बाईंचं दुखणं सकाळी एक-दोन आणि संध्याकाळी सहा असायचं. सकाळी उठतानाच जबडा जड असेल तर रात्रीच्या दात खाण्याकडे बोट जातं, संध्याकाळी वाढत असेल तर दिवसाच्या सवयीकडे. हा नियम काटेकोर नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं. रात्रीच्या सवयीवर जागेपणी ताबा नसतो, दिवसाच्या सवयीवर असतो. त्यामुळे संध्याकाळचं दुखणं ही एका अर्थी बरी बातमी होती.

मग सराव. ‘म’ म्हणा आणि तिथेच थांबा: ओठ अलगद मिटतात, दात सुटे राहतात. आता ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते, वरच्या पुढच्या दातांच्या मागे हिरडीचा जो उंचवटा आहे, तिथे जिभेचं टोक हलकं ठेवा. नाकानं एक सावकाश श्वास सोडा आणि खांदे खाली येऊ द्या. एवढंच, पाच-सहा सेकंद. दिवसातून एकदा दहा मिनिटं करण्यापेक्षा पंचवीस-तीस वेळा पाच सेकंद केलेलं कामाचं, कारण बदलायची आहे ती सवय, आणि सवय प्रसंगाला चिकटलेली असते. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यावर, फोनच्या मागे, नळाजवळ छोटे रंगीत ठिपके चिकटवले. दर आठवड्याला रंग बदलायचा. डोळा सरावला की ठिपका दिसेनासा होतो आणि सगळं मुसळ केरात.

दुसऱ्या आठवड्यात दुखणं वाढलं. इथे पुष्कळ जण सोडून देतात, म्हणून कारणं सांगण्यासारखी आहेत. बाई दात सुटे ‘राहू देत’ नव्हत्या, जबडा जोर लावून खाली धरत होत्या. म्हणजे मिटणारे स्नायू सुटले आणि उघडणारे राबायला लागले. जीभही टाळूला दाबत होत्या. हे ओळखायची खूण सोपी आहे, हनुवटीखालचा मऊ भाग बोटाला ताठ लागतो. त्यांना सांगितलं, जबडा धरायचा नाही, झोपाळ्यासारखा लोंबू द्यायचा. दुसरं कारण अधिक नाजूक होतं आणि त्यांनी ते आपणहून सांगितलं नव्हतं: तोंड अजून तीन बोटं उघडतंय का, आवाज अजून येतोय का, हे त्या दिवसातून वीस-पंचवीस वेळा तपासत होत्या. दुखऱ्या सांध्याला वीस वेळा टोकापर्यंत ताणलं तर तो दुखणारच, आणि दुखलं की भीती वाढून पुन्हा तपासणी. हा फेरा मोडण्यासाठी वेळ ठरवून दिली. आठवड्यातून एकदा, एकाच दिवशी सकाळी, मोजपट्टीनं वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजायचं, लिहायचं आणि वही बंद. मधे तपासावंसं वाटलं तर ती इच्छा किती वेळ टिकते तेवढं पाहायचं. सुरुवातीला दहा मिनिटं टिकायची, पुढे पुढे दोनवर आली.

शेकाबद्दल थोडक्यात. ओला गरम टॉवेल, मनगटाला सोसेल इतपत गरम, गाल आणि कानशिलावर 15 मिनिटं, दिवसातून दोनदा. मार लागून नुकतंच दुखायला लागलं असेल तर गरम नको, कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं. शेकानंतर लगेच व्यायाम: जीभ त्याच उंचवट्यावर ठेवून, ती सुटणार नाही एवढंच तोंड सावकाश उघडायचं आणि मिटायचं. सहा वेळा, दिवसातून सहा बैठका. जीभ टेकलेली असताना तोंड फार उघडताच येत नाही, त्यामुळे ‘कट्’ व्हायच्या आधीच हालचाल थांबते. तेच हवं असतं. पाचव्या आठवड्यापासून फिजिओथेरपिस्टनं हातानं ताण देण्याचे व्यायाम आणि मानेची बैठक सुधारण्याचे व्यायाम जोडले.

खाण्याचं पथ्य दोन-तीन आठवडे, त्याहून जास्त नाही. मऊ खावं, छोटे घास करावेत, दोन्ही बाजूंनी चावावं, च्युइंगम बंद. नुसत्या पातळ पदार्थांवर महिनोन्‌महिने राहिलं तर स्नायूची सवय जाते आणि घास चावण्याचीच धास्ती बसते. नखं कुरतडणं, पेनचं टोपण चावणं, हनुवटी तळहातावर टेकून बसणं, फोन कान आणि खांद्यात धरणं, पालथं झोपणं, यांतलं जे लागू असेल ते थांबवायचं. जांभई येताना जीभ टाळूला टेकवा आणि मूठ हनुवटीखाली धरा, तोंड पूर्ण फाकत नाही.

बाई मनानेच आठवड्यातून चार-पाच दिवस पेनकिलर घेत होत्या, तीन महिने. डोकेदुखीची साधी गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखू लागू शकतं. शिवाय पोट आणि मूत्रपिंडाचा प्रश्न आहेच. हे डॉक्टरांकडे सोपवलं, त्यांनी ठरावीक दिवसांचा कोर्स देऊन गोळी थांबवली. नैराश्यासाठीच्या काही औषधांनीही जबडा आवळला जाऊ शकतो. तशी शंका असेल तर डॉक्टरांना सांगायचं, औषध स्वतःहून बंद करायचं नाही.

चौथ्या भेटीत त्यांनी विचारलं, दातांची ठेवण बिघडली आहे म्हणून दात थोडे झिजवून नीट बसवून घ्यावेत, असं कुणी सुचवलंय, करू का? या विचाराला जुना इतिहास आहे. 1934 साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञानं कानाची आणि सांध्याची ही लक्षणं दात गेल्यामुळे बिघडलेल्या चाव्याशी, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याच्या पद्धतीशी, जोडली. त्याची कारणमीमांसा पुढे टिकली नाही, पण ‘चावा बरोबर करा’ हा आग्रह अनेक दशकं राहिला. झिजवलेला दात परत येत नाही. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: जे उलटवता येत नाही ते दुखण्याच्या भरात करू नये. नाईट गार्डचं, म्हणजे रात्री दातांवर घालायच्या आवरणाचं, तसं नाही. तो काढून ठेवता येतो, रात्री दात खाणाऱ्यांच्या दातांची झीज वाचवतो. पण दुखणं जाईलच असा भरवसा त्यावर ठेवू नये. 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी जुन्या जबडादुखीसाठी विचार-वर्तन उपचार, देखरेखीखालचे व्यायाम आणि हातानं केलेले उपचार यांची जोरदार शिफारस केली आणि गार्डच्या विरोधात सौम्य कौल दिला. गार्ड घ्यायचाच तर दंतवैद्यानं मापानं बनवलेला, सगळे दात झाकणारा घ्यावा. फक्त पुढचे काही दात झाकणारा बराच काळ वापरला तर बाकीचे दात सरकून चावा खरंच बिघडतो.

विचारांवरचं काम वेगळं असं फार केलं नाही. एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. नोंदवहीत तिसरा रकाना घातला: दात टेकलेले सापडले तेव्हा मनात काय चाललं होतं. अपेक्षा भांडणं आणि चिंता निघण्याची होती. निघालं ते ‘आत्ता बोलायचं नाही, ऐकून घ्यायचं’. फोनवर समोरचा चुकीचं बोलतोय आणि आपण गप्प राहतोय, हा क्षण. अशा फोनसाठी त्यांनी दोन वाक्यं तयार करून ठेवली: “इथे थांबवते, मला एक दुरुस्ती करायची आहे” आणि “याचं उत्तर तासाभरानं देते.” बोलताना दात टेकत नाहीत, हा त्यातला अगदी यांत्रिक फायदा.

सहाव्या आठवड्यात संध्याकाळचं दुखणं सहावरून तीनवर आलं, दहाव्यात एक-दोनवर. तोंड 41 मिलिमीटर उघडू लागलं. ‘कट्’ आवाज आहे तसाच आहे आणि बाई आता त्याचा पाठलाग करत नाहीत.

दोन महिन्यांनी त्या परत आल्या, दुखणं पाचवर. दाताच्या कामासाठी दीड तास तोंड उघडं ठेवून बसल्या होत्या. दोन आठवडे मऊ खाणं, शेक आणि ठिपके एवढ्यावर ते उतरलं. पुढच्या वेळेसाठी दंतवैद्याला आधीच सांगायच्या गोष्टी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिल्या: सकाळची वेळ, लांब काम दोन बैठकांत, दातांमधे टेकू म्हणून रबरी ठोकळा, दर दहा मिनिटांनी तोंड मिटायची सुट्टी, आणि थांबवायचं असेल तर डावा हात वर.