गाडीचा क्रोम सोलतो, मग चिप्सच्या पाकिटाची चांदी का नाही?

प्रश्न: गाडीच्या आरशाच्या प्लास्टिकवरचा क्रोम यंदाच्या उन्हाळ्यात पापुद्र्यासारखा निघून आला. चिप्सचं पाकीट मात्र कितीही चुरगाळा, आतली चांदी जशीच्या तशी. असं काहून होते?
– एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर: भाऊ, पाकिटातली चांदी म्हणजे ॲल्युमिनियम. व्हॅक्यूममध्ये त्याची वाफ करून प्लास्टिकच्या फिल्मवर बसवतात, जाडी साधारण 30 ते 50 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ, आणि बहुतेक पाकिटांत हा थर दोन फिल्मच्या मधे असतो म्हणून तुमचं बोट त्याला लागतच नाही.

पण खरी गोष्ट धातू बसतो कसा ही आहे. धातूच्या अणूंना प्लास्टिकपेक्षा एकमेकांचीच ओढ जास्त, त्यामुळे ते सपाट पसरत नाहीत, अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होतात, मग ती बेटं वाढत वाढत एकमेकांना टेकतात तेव्हा कुठे अखंड थर होतो. आता पकड कशाची? ॲल्युमिनियम, क्रोमियम, टायटॅनियम हे ऑक्सिजनला हपापलेले, प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन सापडला की त्याच्याशी पक्का बंध जोडतात. तांब्याला, सोन्याला ती हौस नाही, म्हणून लवचिक सर्किटमध्ये पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकवर तांबं चढवायच्या आधी बरेचदा क्रोमियमचा काही नॅनोमीटरचा अस्तर-थर देतात. पाकिटाच्या पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकमध्ये तर नुसता कार्बन आणि हायड्रोजन, मग कोरोना (म्हणजे हवेतला विजेचा झोत, आजार नव्हे) नाहीतर प्लाझ्मा (विजेने चेतवलेला वायू) याची ट्रीटमेंट देऊन वरवर ऑक्सिजन बसवावा लागतो. कोरोना ट्रीटमेंटचा परिणाम फिल्मचा रोल पडून राहिला की हळूहळू उतरतो, त्यामुळे वेळ सांभाळणं फार महत्त्वाचं.

तुमच्या आरशाचं प्लास्टिक बहुधा एबीएस, म्हणजे गाड्यांच्या भागांत वापरतात ते टणक प्लास्टिक. त्यात रबराचे बारीक कण असतात, प्लेटिंगवाले ते क्रोमिक ॲसिडने खाऊन टाकतात, राहिलेल्या खड्ड्यांत पॅलेडियम या धातूच्या मदतीने निकेल किंवा तांबं रुजतं, आणि मग वर करंट देऊन तांबं, निकेल, शेवटी क्रोम. इथे पकड मुख्यतः त्या खड्ड्यांची. ॲसिडमध्ये वेळ कमी पडला तर खड्डे उथळ, जास्त झाला तर प्लास्टिकच ठिसूळ.

त्यात आपलं नागपूर, मे महिन्यात 45 अंश, उन्हात उभ्या गाडीचा भाग त्याहून कितीतरी तापतो. एबीएस निकेलपेक्षा पाच-सहा पट जास्त फुगतं, रोज फुगणं-आकसणं, ताण येतो थेट जोडावर. एक कड उचलली की तिथून पाणी शिरतं, मग पापुद्रा सरकतच जातो.

निघालेला तुकडा ओढू नका, बाजूचा चांगला क्रोमही त्याच्यासोबत येतो आणि त्याच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. तापलेल्या गाडीवर एकदम गार पाणीही मारू नका. नवा पार्ट घेताना कड आणि स्क्रूच्या भोकाजवळ नीट पाहा, फुगवटा किंवा उचललेली कड दिसली तर तो घेऊच नका.