टोपड्याची उलटी बाजू

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठविलेल्या तीन टोप्या, एक झबले आणि मोती लावलेला डोक्याचा पट्टा मिळाला. टाके एकसारखे आहेत, साखळी कुठेही घट्ट-सैल झालेली नाही आणि रंगांची जाण तर तुला उपजत असावी. नवजात बाळांच्या छायाचित्रणासाठी कपडे आणि प्रॉप, म्हणजे छायाचित्रात मांडायच्या वस्तू, करण्याचा व्यवसाय करावा का, असे तू विचारले आहेस. अवश्य करावा. मात्र मी तुझी प्रत्येक वस्तू हातात आल्याबरोबर उलटी करून पाहिली आणि या पत्रात जे लिहिते आहे त्यातले बहुतेक त्या उलट्या बाजूबद्दलच आहे, कारण कॅमेऱ्याला सुलट बाजू दिसते आणि बाळाच्या अंगाला उलटी लागते.

निळ्या टोपीत तू दोन रंगांची नक्षी विणली आहेस. तिच्या आतून एका रंगाचे लांब धागे मोकळे गेले आहेत. टोपीत ते फार तर कानात अडकतील, पण हीच नक्षी पायमोज्यात केलीस तर गोष्ट गंभीर होते. मी ते स्वतः करून बसले आहे. काही वर्षांपूर्वी मी विणलेल्या मोज्यातला असा एक धागा एका बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला. धाग्याचा फास बसला की बोट सुजते, सुजेमुळे फास आणखी आवळतो आणि रक्तपुरवठा अडतो. बाळ रडते, पण का रडते ते मोजा काढल्याशिवाय कोणालाच कळत नाही. सुदैवाने त्या बाळाच्या आजीने लगेच मोजा काढला आणि धागा कापला. त्या दिवसापासून मी मोज्यांत एकच रंग वापरते आणि प्रत्येक धाग्याचे टोक दोन उलटसुलट दिशांना ओवून मगच कापते. नक्षी हवीच असेल तर ती विणून झाल्यावर वरून भरावी आणि आतून मऊ सुती अस्तर लावावे.

मोत्यांचा पट्टा मी ठेवून घेतला आहे, तो परत पाठविणार नाही. गोंदाने चिकटविलेला मोती आज ना उद्या सुटतो आणि तो बाळाच्या तोंडात जाण्याची शक्यता आपण शून्यावरच ठेवायची असते. त्याऐवजी गाठीच्या टाक्यांनी पांढऱ्या धाग्याचे दाणे भर. छायाचित्रात ते मोत्यांपेक्षा वाईट दिसत नाहीत. केसाळ लोकरीचा मोहही सोड. तिचे तंतू ओलसर ओठांना आणि नाकाला चिकटतात, आणि अगदी जवळून घेतलेल्या छायाचित्रात तेच आधी दिसतात.

आता मापांविषयी. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो आणि पहिल्या महिन्यात तो जवळपास २ सेंटीमीटरने वाढतो. तू विणलेली टोपी ३८ सेंटीमीटरची आहे, म्हणून ती डोळ्यांवर उतरेल. विणकाम ताणले जाते, तेव्हा घेरातून ३ सेंटीमीटर वजा करावेत. ३४चा घेर असेल तर टोपी ३१ची, ३१ला ३.१४ने भागले की सुमारे १० येतात, म्हणजे माथ्याची चकती १० सेंटीमीटर व्यासाची झाली की टाके वाढविणे थांबवायचे. क्रोशाच्या खांबाने, म्हणजे उंच टाक्याने, विणत असशील तर पहिल्या फेरीत १२ खांब आणि पुढच्या प्रत्येक फेरीत १२ वाढ, म्हणजे चकती सपाट राहते. हे सारे गणित करण्याआधी १० बाय १० सेंटीमीटरचा नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोज. न धुतलेला नमुना खोटे बोलतो, विशेषतः सुती धाग्याचा.

इथे आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घे, जी परदेशी नमुन्यांच्या मापांत सापडणार नाही. छायाचित्रकार पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बाळ मागतात, कारण तेव्हा ते गाढ झोपते आणि पोटातल्यासारखे मुटकुळे करून राहते. आपल्या अनेक घरांत मात्र सोयराचे दहा दिवस पाळले जातात, बाराव्या-तेराव्या दिवशी बारसे होते आणि तोपर्यंत बाळाला कोरे कपडे घालायचे नाहीत, जुन्या धोतराचे किंवा साडीचे मऊ झालेले कापडच वापरायचे, अशी रीत असते. (ही रीत कोणी काढली ते ठाऊक नाही, पण तिला नाजूक त्वचेची समज होती असे मला वाटते.) म्हणून आपल्याकडे येणारे बाळ बऱ्याचदा पंधरा ते तीस दिवसांचे असते, ते अधिक जागे असते आणि पाय ताणते. प्रत्येक वस्तू दोन मापांत कर, आणि कोरे कापड शिवण्यापूर्वी दोनदा धुऊन घे, म्हणजे ते आटायचे तेवढे आटेल आणि त्याची खळही जाईल.

बाळाला रोज तेल लावले जाते, ओवा-शेपांची धुरी दिली जाते, काजळ आणि तीट तर असतेच. तुझ्या सायीच्या रंगाच्या टोपीवर हे सारे उमटणार. म्हणून जे रिठ्याच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुता येणार नाही ते विणूच नये, कारण छायाचित्रकार एकच संच अनेक बाळांना वापरतो आणि दर वेळी तो धुतलाच पाहिजे. खोली २६ ते २८ अंशांपर्यंत उबदार ठेवलेली असते. त्या उष्म्यात अ‍ॅक्रिलिकची जाड टोपी घातली की बाळ घामाघूम होते. सुती धागा महाग पडला तरी तोच घे.

झबल्याबाबत तुझा गोंधळ झालेला दिसतो. डोक्यावरून घालावयाचा सदरा झोपलेल्या बाळाला घालताच येत नाही, घालताना ते जागे होते आणि पुढचा तासभर वाया जातो. आपल्या आजींचे बंदांचे झबले आठव: अंगावर ठेवायचे, हात सरकवायचे आणि मागे बंद बांधायचे. त्याहून चांगला नमुना मला आजवर मिळालेला नाही. बंद मात्र आखूड ठेव, कधीही गळ्याभोवती येऊ देऊ नकोस, आणि कमरेची पट्टी नाळेच्या जागेवर येणार नाही अशी खाली घे. नाळ गळून पडायला एक ते तीन आठवडे लागतात आणि तोवर तिथे काहीही घासता कामा नये.

रंगांत पोपटी आणि पिवळा टाळ. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक बाळांना थोडी तरी कावीळ असते आणि कापडावरून परतणारा उजेड ती पिवळी छटा आणखी वाढवितो. गडद लाल रंग हनुवटीखाली लाली टाकतो. पालक वारकरी, मावळा, बाळकृष्ण यांची मागणी करतील, आणि ती आनंदाने पुरी कर. पण फेटा खराखुरा बांधू नकोस. सुती धाग्याचा, आतून पोकळ असा विणून घे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोल. चाळीस ग्रॅमच्या वर गेला तर उसव. ज्या मानेला स्वतःचे डोके पेलत नाही तिच्यावर आपण वजन चढवीत असतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण सुंदर दिसतो, पण त्याचा काठ टोचतो. तो बाळाच्या अंगावर न वापरता टोपलीच्या बाहेरच्या बाजूस लाव.

टोपलीवरून आठवले. महागडी लाकडी भांडी विकत घेण्यापूर्वी घरची काथवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, शोध आणि बुरुडाकडून रुंद बुडाची परडी करून घे. कोणतीही लाकडी किंवा बांबूची वस्तू घासून गुळगुळीत झाली की तिच्यावरून जुना नायलॉनचा मोजा फिरव. जिथे तो अडकेल तिथे कूस आहे. रंग किंवा वॉर्निश लावू नकोस. परडीच्या तळाशी दोन-तीन किलो वाळूची शिवलेली पिशवी ठेवायची, तिच्यावर गादी आणि मग बाळ, म्हणजे बाळाने पाय झाडला तरी परडी कलंडत नाही. एवढे करूनही शेजारी कोणाचा तरी हात हवाच. टांगलेल्या झोळीची मागणी आली तर छायाचित्रकाराला आधी विचार की तो ती कशी टिपणार आहे. जाणकार माणूस बाळाला गादीवरच ठेवतो आणि टांगल्याचा भास नंतर संगणकावर जोडतो. हातांवर हनुवटी टेकलेले बाळही दोन छायाचित्रे जोडूनच होते. जो खरोखरच टांगतो म्हणेल त्याला झोळी विकू नकोस, पैसे कितीही देऊ दे.

किमतीविषयी तू फार संकोचाने लिहिले आहेस. धाग्याचे पैसे, तुझे तास आणि धुण्या-वाळविण्याचे श्रम या तिन्हींचा हिशेब एका वहीत मांड. उसवलेले तासही त्यात धर. ओळखीच्या माणसाला भेट द्यायची असेल तर पूर्ण भेट दे, पण अर्ध्या किमतीत विकू नकोस, कारण मग तीच तुझी किंमत ठरते.

टोप्या या पत्रासोबत परत पाठविते आहे. निळीचे आतले धागे मी लाल दोऱ्याने खुणावले आहेत. पुढचे झबले होईल तेव्हा ते घडी घालून नव्हे, उलटे करून पाठव.

तुझी,
काकू