‘नो सिग्नल’चं कोडं आणि विसरलेलं अर्थिंग

लॅपटॉपला मॉनिटर जोडला पण दिसत नाही, ही तक्रार दर महिन्याला येते. जोडीला कुणीतरी सांगितलेलं निदानही असतं, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. म्हणून काही प्रश्न एकत्र घेत आहे.

एचडीएमआय केबल लावली, तरी मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. (सातारा)

मॉनिटरच्या बटणांनी इनपुट बदलून केबल लावलेलाच एचडीएमआय निवडा, मग लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ करा.

मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल लावली, काहीच होत नाही. दुकानदार म्हणतो, टाइप-सी सगळ्या सारख्याच. (नांदेड)

अजिबात सारख्या नसतात. फक्त टोक सारखं असतं. चार्जरसोबतच्या बहुतेक केबलमध्ये चार्जिंग आणि यूएसबी २.० एवढ्याच तारा असतात, चित्र त्यातून जातच नाही. शिवाय लॅपटॉपच्या त्या पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे टाइप-सीमधून चित्र पाठवण्याची सोय, असावी लागते. स्वस्त लॅपटॉपमध्ये ती पुष्कळदा नसते आणि विकताना कुणी सांगत नाही. मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या साइटवर पोर्टची माहिती वाचा, मगच केबल घ्या. सोनेरी टोकाच्या महागड्या केबलने नसलेली सोय येत नाही.

लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट. दोन टोकांची केबल आणली, चालत नाही. (पणजी)

ती केबल बहुधा डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी, एकाच दिशेची आहे. उलट दिशेला वेगळा कन्व्हर्टर लागतो, त्याला बहुधा यूएसबीतून वीजही द्यावी लागते.

एम१ चिपच्या मॅकबुक एअरला दोन मॉनिटर लागतील का?

थेट एकच लागतो.

धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. परवा चालू मॉनिटरला एचडीएमआय जोडताना बारीक ठिणगी दिसली, तेव्हापासून तो पोर्ट बंद. टेक्निशियन म्हणतो लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, पूर्ण बदला. (कोल्हापूर)

या पत्राने मी अस्वस्थ आहे, कारण झिणझिण्या हीच पूर्वसूचना होती. चार्जर आणि मॉनिटरच्या वीजपुरवठ्यात विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून किंचित वीज बाहेरच्या धातूवर येते आणि अर्थच्या तारेतून जमिनीत जाते. घराला अर्थिंग नसेल, किंवा तुम्ही तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला असेल, तर ती जाणार कुठे? सांगाड्यावर शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी, म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण एचडीएमआयच्या सिग्नलच्या तारा ३.३ व्होल्टच्या आसपास काम करतात. दोन उपकरणांमधल्या दाबाचा फरक केबल जोडताना या तारांतून गेला, तर आतली चिप सहज जळते.

जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या भोकात तारच नसते, आणि ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणून कुणी बघत नाही. कृपा करून बघा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, स्वतः टेस्टर घालत बसू नका. लॅपटॉप आणि मॉनिटर अर्थिंग असलेल्या एकाच स्विचबोर्डावर लावा. आधी दोन्ही बंद, मग केबल, मग स्विच. वळवाच्या पावसाची चिन्हं दिसली की विजा कडाडण्याआधीच प्लग आणि केबल काढून ठेवा. घरात टीव्हीला लॅपटॉप जोडत असाल तर डिशची तारही सोडवा.

मदरबोर्डाचं म्हणाल, तर टेक्निशियनने दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर लावून पाहिला का, हे आधी विचारा. ते न करता सांगितलेली किंमत मान्य करू नका. बऱ्याचदा फक्त पोर्ट किंवा त्यामागची चिप बदलून काम भागतं. वॉरंटी असेल तर लॅपटॉप उघडू न देता अधिकृत सेवाकेंद्रात न्या. नसेल तर चिपपातळीवर काम करणाऱ्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याचं मत घ्या.

अपडेटनंतर मॉनिटर सापडत नाही. मित्र म्हणतो फॉरमॅट मार. (ठाणे)

थांबा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ दिसत असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवणारा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, उडालाय. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका, त्यांनी बिघडलेली यंत्रं मी नित्य पाहतो. एवढ्यानेही जमलं नाही तर जाणकाराला दाखवा, आणि दाखवण्याआधी फायलींची प्रत काढून ठेवा.

केबल विशिष्ट कोनात धरली की चित्र येतं. तीन महिने काडी खुपसून चालवतोय. (जळगाव)

आधी दुसरी केबल लावून बघा. तसंच झालं तर बहुधा पोर्टचा टाका (सोल्डर) सुटलाय. आज तो पुन्हा जोडता येईल. काडीच्या ताणाने बोर्डावरची पट्टी उखडली तर काम अवघड होतं आणि खर्चही वाढतो. काडी काढा आणि याच आठवड्यात लॅपटॉप दुरुस्तीला न्या.